राजाजीनगरचे दोन डबे

मंडळी, अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही दुपारचा डबा पोचवतो. आज साडेबाराला अण्णांना डबा दिला, शेजारचा डबा स्वयंपाकघरातच राहिला होता तो आणायला परत गेले आणि वाटेत माझी स्कूटर पंक्चर झाली. त्यांच्या शेजारच्या अक्कांकडे पोचायला दोन वाजले.

अक्कांनी डबा उघडला आणि घास घ्यायच्या आधी चमच्याने भिंतीवर दोनदा टकटक केली. पलीकडून लगेच टकटक आली.

"अण्णा थांबले होते. आता जेवतील."

"जुनी ओळख का?"

"छे गं! मला पायरी उतरवत नाही, त्यांना उठवत नाही. तीन वर्षांत तोंडसुद्धा पाहिलं नाही."

शेवटचं पान वाढेपर्यंत पंगत थांबते, हे माहीत होतं. पण मधे भिंत असलेली पंगत तुम्ही कधी पाहिलीत?