भित्र्यांची गाडी

भीती या विषयाचा आमच्या मामेसासऱ्यांइतका सखोल व्यासंग केलेला दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. छताचा पंखा चालू असला तर ते त्याच्या बरोबर खाली बसत नसत, आणि बंद असला तर कोणीतरी येऊन चालू करील म्हणून बसत नसत. बोंबलाला काटा असा तो काय असतो, पण मामींनी तपासून वाढलेला बोंबील ते खिडकीशी नेऊन उजेडात पुन्हा तपासत. वाशीचा खाडीपूल नवा होता तेव्हाची गोष्ट. बस पुलावर आली की मामा दोन्ही पाय वर उचलून धरत. पुलावरचा भार तेवढाच कमी. मी एकदा हसलो तर म्हणाले, "हसा, जावईबापू. पूल पडायला लागला की मग हसून दाखवा." त्यानंतर त्यांच्यासोबत असताना मीही हळूच टाचा उचलायला लागलो.

असा माणूस ट्रकच्या धंद्यात पडला तोही भीतीपोटीच. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. संप होईल, टाळं लागेल, नोकरी जाईल, या धास्तीनं त्यांची झोप उडाली, तेव्हा धास्तीचं मूळच नको म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि फंडाच्या पैशातून एक जुना ट्रक घेतला. वाशीजवळच्या पावणे गावच्या कारखान्यांतला माल पुण्याला न्यायचा आणि पुण्याहून बिडाचे सुटे भाग भरून खाली आणायचे, हा धंदा. "पालीला घाबरणाऱ्यानं वाघ आणून बांधलाय दारात," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मामा स्वतः त्या ट्रकमध्ये कधी बसले नाहीत. दारात उभा असला तरी ते त्याच्या पुढून जात नसत, मागून वळसा घालत.

गाडी चालवायला तळवलीचा बाळाराम होता. काळाकभिन्न, रुंद छातीचा, कमी बोलणारा. त्याच्यासारखा छातीचा माणूस मिळाला म्हणून आपण हा धंदा करू शकतो, असं मामा म्हणत. त्या काळी बोरघाट उतरताना बहुतेक ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत. डिझेल वाचायचं, आणि वाचलेलं बाहेर विकता यायचं. सगळे मालक डिझेल जास्त जळलं म्हणून ओरडत. आमचे मामा कमी जळलं म्हणून ओरडत. "घाटात डिझेल वाचवलंस तर याद राख," ते बाळारामला बजावायचे. "वाचलेलं डिझेल काय तुझ्या तेराव्याला वापरू?" गाडीत जास्तीचा माल भरायचा नाही, कारण स्प्रिंगचे पाटे तुटतील. पुण्याहून रिकामी गाडी आणायची नाही, कारण रिकामी गाडी वळणावर उडते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ट्रान्सपोर्टवाले पोट धरून हसत. पण गंमत अशी की रिकामी फेरी नाही म्हणून परतीचं भाडं कधी बुडत नसे, आणि ॲसिडच्या काचेच्या बरण्या पेंढ्यात बसवून न्यायच्या तर त्या न फुटता पोचवणारी गाडी त्या पट्ट्यात एकच होती. दोन पैसे जास्त देऊन कारखानदार सांगत, "ती भित्र्यांची गाडी बोलवा." मामांना फायदा झाला तो निव्वळ भीतीवर.

मात्र त्या फायद्याची किंमत मामा आणि आम्ही राहत होतो ती वाशीची सगळी बिल्डिंग मोजत होती. घाट उतरला की खोपोलीतल्या हॉटेलातून बाळारामनं फोन करायचा, असा दंडक होता. फोन होता तो खालच्या वाण्याकडे. परतीच्या दिवशी दुपारपासून मामा त्या दुकानात पोत्याला टेकून उभे राहत. त्यांचा चेहरा बघून गिऱ्हाइकं हळू बोलू लागत आणि वाणी साखरेऐवजी मीठ तोलून देई. फोन आला की मामा म्हणत, "पोचला," आणि वरच्या मजल्यापर्यंत लोक श्वास सोडत.

एकदा फोन आला नाही. श्रावणातली दुपार होती, घाटात धुकं असल्याची बातमी होती, आणि क्लीनर गावी गेल्यामुळे बाळाराम एकटाच होता. मामा पोतं सोडून फोनच्या शेजारी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं बाळारामची बायको तळवलीहून येऊन दुकानाच्या पायरीवर बसली. गाडी कुठंय, असं तिनं विचारलं नाही. मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "जावईबापू, चला." पुण्याकडे निघालेला एक ओळखीचा ट्रक पावण्याला मिळाला. मामा जन्मात पहिल्यांदा ट्रकमध्ये चढले. घाट लागल्यावर त्यांनी माझा दंड असा धरला की पुढे आठवडाभर तिथे निळे वळ होते. दरीच्या बाजूला तुटलेला कठडा दिसला की मी खाली वाकून बघायचो आणि ते डोळे मिटून विचारायचे, "आपली नाही ना?"

गाडी एका वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या कडेला उभी होती. चाकांखाली दगड लावलेले. ब्रेक तापल्याचा जळका वास अजून रेंगाळत होता, आणि बाळाराम बाजूला उकिडवा बसून विडी पेटवत होता. पायाशी विझलेल्या काड्यांचा खच पडला होता आणि विडी अजून पेटली नव्हती. मामांनी त्याच्या हातातून काडेपेटी घेतली.

"ब्रेक गार झाले की निघशील?" त्यांनी विचारलं.

"झालं कवाच गार," बाळाराम मान खाली घालून म्हणाला. "माजीच हिंमत व्हईना, शेट. भ्या वाटतं."

"आज?"

"रोजच. ड्रायव्हर मानूस भितो, असा कोनाला सांगाचा?"

आपण इतकी वर्षं ज्याच्या छातीवर विसंबलो तो आपल्याइतकाच भित्रा निघाला, हे कळल्यावर मामा आता कोसळणार, असं मला वाटलं. पण मामांनी धोतर सावरलं आणि ते केबिनमध्ये क्लीनरच्या जागी चढून बसले. मी मधे. गाडी सुरू झाली.

"बाळाराम, मी घाबरलोय. तू?"

"मी बी, शेट."

"मग दुसऱ्या गिअरमध्येच राहू दे."

पायथ्याशी येईपर्यंत त्यांचं एवढंच संभाषण चालू होतं. मी देवाचं नाव घेत होतो.

त्या दिवसापासून क्लीनरची जागा मामांनी घेतली. प्रत्येक फेरीला ते जात आणि प्रत्येक फेरीला तितकेच घाबरत. सवयीनं भीती कमी होते म्हणतात, तसं दोघांच्याही बाबतीत काही झालं नाही. कित्येक वर्षं त्यांनी असा धंदा केला आणि एक बरणी फुटू दिली नाही.

मग मामांचे गुडघे गेले. केबिनची पायरी चढता येईना. नवा क्लीनर ठेवला, चांगला चलाख होता. बाळाराम त्याच्यासोबत एक फेरी करून आला आणि त्यानं गाडीची किल्ली मामांपुढे ठेवली.

"आता नाय जमाचा, शेट," तो म्हणाला. "तो पोरगा भीत नाय."

धंदा ऐन भरात होता. कारखान्यांचे निरोप येत होते. सगळ्यांनी मामांना सांगितलं की दुसरा ड्रायव्हर ठेवा, हातचं भाडं सोडू नका. मामांनी कोणाचं ऐकलं नाही, महिन्याच्या आत गाडी विकली. बाळाराम एका कारखान्यात वॉचमन झाला. सुट्टीच्या दिवशी तो वाशीला यायचा आणि दोघं गॅलरीत शेजारी शेजारी खुर्च्या टाकून, फारसं काही न बोलता संध्याकाळपर्यंत बसायचे. मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा माझ्या छातीचे फोटो काढायला सांगितले तेव्हा सगळ्यांनी मला धीर दिला. मुलगा म्हणाला काही नसतं, डॉक्टर म्हणाले घाबरू नका. दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या मला मामांची फार आठवण आली. ते असते तर माझ्याइतकेच घाबरले असते.