माझी शिवळ आणि तिचा खटला

मी शाळा दुसरीत सोडली, तीही मास्तरांशी भांडून. लिहिणं माझं ओबडधोबड आहे, पण जे लिहितो ते डोळ्यांनी बघितलेलं लिहितो. ज्याला पटत नसेल त्यानं वाचू नये.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरची वर्षं होती ती. माणूस आधी जात विचारायचा, मग पाणी. सेलूला कापूस घालायला जायचं म्हणजे मुक्कामाच्या तयारीनं जावं लागे. जिनिंगच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग लागायची, ती पार वळणापलीकडं. बैल सोडायचे, जू भुईला टेकवायचं, गाडीखाली घोंगडं अंथरायचं आणि नंबराची वाट बघायची.

रांग लागली की त्या रस्त्यावर दोन-तीन बायका उभ्या राहायच्या. कशासाठी ते सांगायला नको. रांगेतली माणसं दुपारी त्यांच्याकडं बघून थुंकायची, आणि दिवस कलला की तीच माणसं तोंड धुवून भांग पाडायची.

त्यातली एक बाई जिनिंगच्या भिंतीला पाठ लावून, दिव्याच्या खांबाखाली उभी राहायची. माझी गाडी तिथंच अडकली होती, म्हणून बोलणं झालं. मी म्हणालो, "उजेडात कशाला उभी राहती बाई? लोक बघतेत."

"बघू द्या की मामा. बघनाऱ्याची भीती न्हाई मला. अंधारात नेनाऱ्याची हाय."

तिचं सगळं असंच होतं. वेणी घालायची नाही, घट्ट अंबाडा घालायची, कारण वेणी हातात सापडते. गळ्यातले मणी कच्च्या दोऱ्यात ओवलेले, कुणी ओढलं तर दोरा तुटावा, गळा आवळू नये. पदर कमरेला खोचलेला. मी घोड्याच्या सामानाची अशी तयारी बघितली होती, बाईची पहिल्यांदा बघितली. एकदा रांगेतला एकजण तिला म्हणाला, "लय नखरे हायत तुजे." ती म्हणाली, "नखरे न्हाईत भाऊ, नांगी हाय." रांग हसली. तोही हसला, पण जरा मागं सरकून.

जिनिंगच्या फाटकावर एक दांडगा माणूस होता. गाडी आत घ्यायची की ठेवायची, हे त्याच्या हातात. त्यामुळं त्याला कुणी काही बोलत नव्हतं. त्या दिवशी सूर्य बुडायच्या सुमाराला तो आला आणि तिला म्हणाला, गोदामात चल. ती नाही म्हणाली. गोदामात दार एकच असतं, ती कधीच आत जात नव्हती. त्यानं तिला हाताला धरून ओढलं. तिनं हात सोडवून घेतला. मग त्यानं गळाच धरला आणि तिला माझ्या गाडीच्या जुवाजवळ खाली दाबलं.

मी पलीकडं बैलांना कडबा टाकत होतो. ओरडलो, "ए, सोड तिला!" आणि बैलांच्या मधून वाट काढत निघालो. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. एक हात भुईवरच्या जुवावर चाचपडत होता. तिनं शिवळ उपसली. शिवळ म्हणजे बैलाच्या मानेजवळ जुवाच्या भोकात घालतात ती बाभळीची जाड खुंटी. पहिला फटका त्याच्या दंडावर बसला. त्यानं सोडलं नाही. दुसरा कोपरावर बसला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो बोंबलत मागं कोसळला. तिच्या हातातून शिवळ पडली आणि ती वाकून खोकत राहिली.

पोलिसांनी धरलं तिलाच. मुद्देमाल म्हणून माझी शिवळ उचलून नेली. आणि रांग? दिवस मावळायच्या आत अख्खी रांग झोपली होती, असं सगळ्यांनी सांगितलं. मी शिवळेच्या जागी दोरी बांधून गाडी कशीबशी आत नेली, कापूस घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत गेलो.

जमादार म्हणाला, "काय पायजे मामा?"

"माजी शिवळ."

"तुमची कुठली? ते त्या बाईनं संगं आणलेलं दांडकं हाय. पंचनाम्यात तसंच हाय."

"संगं कोन शिवळ घेऊन फिरतंय? ती काय बैल हाकायला आलती?"

"मामा, एक खुंटी सोडा की. बाभळी कमी हायत का?"

"बाभळी लय हायत. पन माजी ती माजी."

तो मग आवाज बदलून म्हणाला, "मंग गवाहीला यावं लागंल. अमक्या बाईजवळ उभा होतो, असं नाव-गावासगट लिवावं लागंल. चालंल?"

त्याला वाटलं मी पळेन. रांगेतली माणसं ह्याच भीतीनं झोपली होती. कोर्टात नाव पुकारलं की गावात कळतं, आणि गावात कळलं की घरात. मी म्हणालो, "लिवा." त्यानं लिहिलं नाही, बाहेर काढलं मला.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमी तिथं कशाला उभे होते?"

"गाडीजवळ उभा होतो."

"अन् गाडी?"

"रांगेत."

"मंग तसंच सांगा की कोर्टात. गप बसलात तर मलाबी दुसरंच वाटायला लागंल."

तिनं नाही म्हटलं असतं तरी मी गेलोच असतो. पण तिनं भाकरी बांधून दिली, ते बरं झालं.

चौकीतल्या एका शिपायाकडून तारीख काढली, ती परभणीला होती. कोर्टाच्या व्हरांड्यात ती भिंतीला पाठ लावून बसली होती. मध्ये बरेच दिवस गेले होते. तिच्या गळ्यावरचे वळ विरून गेले होते, तिला डाक्टराला कुणी दाखवलंच नव्हतं. त्या माणसाचा मोडलेला हात मात्र कागदावर होता. मी विचारलं, "काय सांगनार आत?"

"कबूल म्हनायचं."

"काय कबूल?"

"गुन्हा. दुसरं काय म्हनतेत मामा? दर बारीला तेच म्हनते. रस्त्यावर धरून आनलं की साहेब इचारतेत, कबूल हाय का. कबूल म्हनलं की दंड घेऊन दुपारला सोडतेत. न्हाई म्हनलं की तारखा."

त्या रस्त्यावरच्या सगळ्या बायकांचं शहाणपण हेच होतं. कबूल म्हणा आणि दुपारी घरी जा. तिला वाटत होतं हाही तसलाच खटला आहे. ह्यात वर्षानुवर्षं आत बसावं लागेल, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सरकारनं तिला दिलेला वकील तेव्हा कुठं आला, पानाचा तोबरा भरून. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं पान थुंकलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, ऐक. ह्या वेळी कबूल म्हणालीस तर सरळ तुरुंगात जाशील."

"मंग मी मारलंच न्हाई म्हनते."

"तेही म्हणू नको. मारलं नाही म्हणालीस तर का मारलं हे कुणी विचारणारच नाही. मारलं म्हणून सांग. त्यानं गळा धरला, जीव चालला होता, म्हणून मारलं. जीव वाचवायला मारलं तर तो गुन्हा होत नाही, असं कायद्यात लिहिलंय."

"माज्यासाठी लिवलंय?"

"सगळ्यांसाठी लिहिलंय. धंदा बघून वगळलेलं नाही कुणाला."

तिनं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी म्हणालो, "मी हाय."

आत गेल्यावर न्यायाधीश साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तिच्या तोंडातून सवयीनं "कब..." एवढं निघालंही. ती थांबली. मग मोठ्यानं म्हणाली, "मारलं ते कबूल हाय साहेब. गुन्हा कबूल न्हाई."

वकिलानं तिच्या बाजूनं माझं नाव दिलं आणि पुढच्या तारखांना माझी गवाही झाली. शिवळ पुढं ठेवली. मी म्हणालो, "माजीच. मीच तासलीय. इतकी बेढब शिवळ अख्ख्या जिल्ह्यात कुनाची न्हाई." माझ्या जुवाच्या भोकात ती घालून बघा, असंही सांगितलं. साहेब हसले. सरकारी वकील हसला नाही.

"तुम्ही ह्या बाईकडं जात होता?"

"न्हाई. गेलो असतो तरी डोळे माजेच असते."

"ती काय धंदा करते ठाऊक आहे?"

"ठाऊक हाय. धंदा करनाऱ्या बाईला गळा नसतो का?"

मागं कुणीतरी खाकरलं. साहेबांनी त्याला गप्प केलं आणि स्वतः विचारलं, "गळ्यावरचा त्याचा हात सुटल्यावर तिनं मारलं का? नीट आठवून सांगा." सगळा खटला ह्या एका गोष्टीवर टेकलाय, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. आठवायची गरजच नव्हती.

"न्हाई साहेब. एक मारला, त्यानं सोडलं न्हाई. दुसरा मारला, हात सुटला. हात सुटला तशी शिवळ खाली पडली. मंग ती खोकायलीती. मारायला दम कुठं होता?"

ती सुटली. निकाल इंग्रजीत वाचला, मला त्यातलं काही कळलं नाही. वकिलानं मान हलवली, त्यावरून कळलं. गावात लोक माझ्याविषयी चार दिवस बोलले. मी चारही दिवस पारावर जाऊन बसलो, समोर मात्र कुणी बोललं नाही.

कोर्टाबाहेर आलो तेव्हा तिनं पदर कमरेला खोचला आणि वकिलाला थांबवलं.

"वकीलसाहेब, एक सांगा. पुन्हा कुनी गळा धरला तर पुन्हा मारू का?"

"धरला तर मार. हात सुटल्यावर मात्र एकही फटका नाही."

"अवं, सुटल्यावर मारीत कोन बसतंय?" ती म्हणाली. "सुटल्यावर पळायचं असतंय."