आरोपीच्या आईशेजारी

"तू कोणत्या आरोपीची?" पोलिसानं भर कोर्टात विचारलं. तामिळमध्ये, मोठ्यानं. मला उभं केलं.

मी कोणाचीच नव्हते. दहशतवादाचा खटला कोर्टात कसा चालतो, यावर माझा प्रबंध होता. बसायचं, पाहायचं, आत लिहू देत नाहीत म्हणून बाहेर आल्यावर आठवून लिहायचं. माझ्या गाईड पुण्याच्या. त्या पुढे, वकिलांशेजारी बसल्या होत्या. त्यांनी जेमतेम मान वळवली. "ती? दुभाषी आहे फक्त," असं इंग्रजीत म्हणाल्या.

मागच्या बाकावर एका आरोपीची आई बसायची. पापनाशम गावची. एकटी. तिच्याशेजारी बसणाऱ्याचं नाव पोलीस लिहून घेत, म्हणून नातेवाईकही येत नसत. मी बसायचे. मुलाला आत आणलं की तो न्यायाधीशांकडे नाही, तिच्याकडे बघायचा. त्या दिवशी त्याचा जामीन नाकारला. इंग्रजीत. मुलानं तिच्याकडे बघून नुसती मान डोलावली, आणि ती हसली. "सोडणार ना, कण्णू, बाळा?" तिनं मला विचारलं.

मी कानात सांगितलं. नाही.

म्हणून पोलिसानं उभं केलं.

व्हरांड्यात गाईड मॅडम वकिलाला म्हणाल्या, "हिचं मराठी ऐका एकदा. म्युझियममधून आणलीय." तो हसला. मग मॅडम मला म्हणाल्या, "आपण फक्त पाहायचं असतं. पुढच्या तारखेला माझ्याशेजारी बस. नाहीतर येऊच नकोस."

मी मान डोलावली. इंग्रजी शाळेत मोठ्यांपुढे तेवढंच करायला शिकले होते.

परतीच्या गाडीत ती आई समोर होती. पापनाशमला उतरताना म्हणाली, "शेजारी बसू नको म्मा, पोरी. तुझं नाव लिहितील." कुंभकोणम येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. घरी अप्पा म्हणाले, "तूं तेथें बैसूं नको. आम्हांस कोण आहे?" तीनशे वर्षांपूर्वी इकडे तामिळ मुलखात आलेल्या आमच्या घराण्याच्या याच मराठीला ते व्हरांड्यात हसले होते.

आरोप आहे ते मुलानं केलं की नाही, मला माहीत नाही. पण त्याचं आयुष्य तिच्यासमोर ठरतंय, तिला न कळणाऱ्या भाषेत. आणि मला शब्द न् शब्द कळतो.

पुढच्या तारखेला मॅडमनी पर्स उचलून शेजारी जागा केली. मी मागे गेले. पोलीस आला. मी माझं नाव सांगितलं, अप्पांचं सांगितलं, गाव सांगितलं.

"कोणत्या आरोपीची?"

"कोणाची नाही. हिच्याशेजारी बसते."

गाईडनी मला सोडलं. प्रबंध अडकला. मुलगा सुटेल असं वाटत नाही. निकाल लागेल तेव्हा तो तिला मी सांगणार. तिच्या भाषेत, एकही शब्द न गाळता.