चर्चवरून पडलेला शेजारी

सासूबाई आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा डिसेंबर होता. आखातातल्या खलिफा सिटीत एका व्हिलाचे मालकाने सहा भाग करून भाड्याने दिले होते. त्यातला तळमजल्यावरचा मागचा भाग आमचा. नवरा रुवैसच्या रिफायनरीत, त्यामुळे आठवड्याचे चार दिवस तिकडेच. मी ऑफिसला, मुलगी शाळेत. साताऱ्याला दिवसभर माणसांत वावरणारी बाई इथे एकटीने काय करणार, याची मला काळजी होती. ती एका इंग्लिश मालिकेने मिटवली.

मुलगी कार्टून शोधत असताना ती मालिका चुकून लागली. हिरवंगार खेडं, दगडी चर्च, बायका केक विकताहेत, आणि पाचव्या मिनिटाला भोपळ्याच्या वेलात एक माणूस मरून पडलेला. सासूबाईंनी मटार सोलायचे थांबवले.

"राहू दे गं तेच," त्या म्हणाल्या.

"आजी, इट्स इन इंग्लिश," मुलगी म्हणाली.

"असू दे. खून काय मराठीत वेगळा होतो?"

सासूबाईंनी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. वर्गात पेन्सिल कोणी चोरली, हे नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं म्हणे. इथेही तसंच झालं. मी संध्याकाळी घरी आले की त्या मला गुन्हेगार दाखवायच्या आणि बहुतेक वेळा तो तोच निघायचा. "एवढ्याशा गावात दर आठवड्याला दोन खून, आणि सरपंचाला कोणी एका शब्दाने विचारत नाही," ही त्यांची एकच तक्रार. त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. मालिका बरीच वर्षं चालल्यामुळे तेच नट पुन्हा पुन्हा वेगळ्या कामात यायचे. "हा बघ, मागे पोस्टमन होता. आता डॉक्टर झालाय. शिकला असेल मधल्या काळात."

जानेवारीत एका शनिवारी आम्ही दोघी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. वरच्या मजल्यावर एक इंग्लिश शिक्षिका राहायची. तिचे वडील थंडीपुरते तिच्याकडे आले होते. उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. ते रोज कडुनिंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे, "गुड मॉर्निंग" म्हणायचे, बास. त्या दिवशी त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि सासूबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला.

"अगं, हा मेलाय!"

"आई, हळू बोला."

त्या थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "यू," त्या म्हणाल्या, "चर्च." मग एक हात उंच नेऊन झपकन खाली आणला. "खलास!"

मला कुठे तोंड लपवावं कळेना. पण त्या गृहस्थांनी खुर्चीतून उठून, छातीवर हात ठेवून झुकून नमस्कार केला. इथे राहून त्यांना अरबीतला खलास कळत होता, सासूबाईंनी साताऱ्याचा वापरला होता, आणि दोघांचा अर्थ एकच. चर्चच्या मनोऱ्यावरून ढकलून दिलेला पाद्री तेच होते. पोस्टमनही तेच आणि डॉक्टरही तेच. चाळीस वर्षं अशी लहानसहान कामं केली, ते मला म्हणाले, पण अनोळखी माणसाने ओळखलं ते आज पहिल्यांदा.

त्या दिवसापासून सासूबाई त्यांना 'फादर' म्हणू लागल्या आणि ते त्यांना 'मॅडम'. दहा वाजता त्या थालीपीठ घेऊन कडुनिंबाखाली जायच्या. एकाला मराठी येत नाही, दुसरीचं इंग्रजी पाचवीच्या पुस्तकाइतकं. सुट्टीच्या दिवशी मी दुभाषी, एरवी हातवारे. त्यांच्याकडून सासूबाईंना कळलं की मालिकेतला पाऊस पाइपने पाडतात आणि पडद्यावरचा चहा नेहमी गार असतो. हे ऐकून त्यांना त्या सगळ्या नटांची फार दया आली.

मनोऱ्यावरून मात्र ते स्वतः पडले नव्हते. ते काम त्यांच्या जागी एका तरुण माणसाने केलं होतं, खाली खोक्यांचा ढीग रचून.

"मग तुम्ही काय केलंत?" सासूबाईंनी माझ्यामार्फत विचारलं.

"मी फक्त मेलो. दोन तास गवतात. मुंग्या चावत होत्या."

"दाखवा."

त्यांनी पेपर नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. हात छातीशी गेला, नजर वर कुठेतरी लागली, गुडघे वाकले आणि माणूस फरशीवर आडवा झाला. अगदी हुबेहूब. व्हिलाचा नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, गुहागरकडचा. तो झाडांना पाणी घालत होता. पाइप टाकून तो "अहो, आजोबा पडले! आजोबा पडले!" म्हणत धावत आला. त्याच्या ओरडण्याने शेजारच्या भागातली फिलिपिनो नर्स चपला न घालताच आली. तिने गुडघे टेकून मनगट धरलं. फादर डोळे मिटून पडलेलेच. मग सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

नर्स चिडली, पण हसूही आवरेना. "मेलेल्या माणसाची नाडी इतकी जोरात चालत नाही," ती म्हणाली. नातूर मात्र तासभर कोणाशी बोलला नाही. शेवटी फादर स्वतः जाऊन त्याच्याशी हात मिळवून आले.

दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी त्यांची मुलगी भेटली. म्हणाली, बाबा इतके हसलेले तिने दोन वर्षांत पाहिले नव्हते. आई गेल्यापासून. मग जरा थांबून तिने सांगितलं की मालिकेच्या त्या पाद्र्याच्या भागात एक जत्रा आहे, आणि जत्रेच्या गर्दीत तिची आईही आहे. नटांच्या घरच्यांना आणि गावकऱ्यांनाच गर्दीत उभं करायचे. आई गेल्यावर बाबांनी तो भाग कधी पाहिला नाही.

मी हे सासूबाईंना सांगितलं. "मग विषय नको काढायला," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचे आठ दिवस त्यांनी मालिकेचं नावही घेतलं नाही.

विषय फादरनीच काढला. एका रविवारी दुपारी ते आपल्या मुलीला घेऊन आमच्या दाराशी आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. "मॅडम, आज चर्च बघू या."

सासूबाईंनी सोफ्यावरची उशी बदलली, मला चहा टाकायला सांगितला आणि रिमोट स्वतःकडे घेतला. जत्रा आली. भोपळे तोलायचं टेबल, आणि त्यामागे हिरव्या कोटातली एक बाई, खळखळून हसणारी. दोन-तीन सेकंद, मग कॅमेरा पुढे सरकला.

"स्टॉप," फादर म्हणाले.

सासूबाईंनी मागे नेलं. ती पुन्हा हसली. सासूबाईंनी पुन्हा मागे नेलं. असं चार-पाच वेळा झालं. चहावर साय आली.

मग ते म्हणाले, "खरं तर तिने हसायचं नव्हतं. सगळ्यांनी गंभीर राहा, असं सांगितलं होतं. पण मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून तिला वेडावत होतो."

त्यांच्या मुलीला हे माहीतच नव्हतं. ती रडली आणि हसली. मी मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "चांगलं केलंत," त्या फादरना मराठीतच म्हणाल्या, आणि त्यांना ते कळलं. पुढे मनोऱ्याचा प्रसंग आला तेव्हा खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि फादरनी उभं राहून त्या स्वीकारल्या.

मार्चमध्ये ते परत गेले, एप्रिलमध्ये सासूबाई. निघताना त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्या खुशीत होत्या. पुढच्या डिसेंबरची तारीख दोघांनी आधीच ठरवून टाकली होती, आमची सोय न विचारता.

आता रविवारी त्या दोघांचा व्हिडिओ कॉल असतो. मी दोघांना जोडून देते आणि बाजूला होते. फादर खिडकीपलीकडची बाग दाखवतात, सासूबाई गच्चीवर वाळत घातलेले पापड दाखवतात. भाषांतराला मी लागत नाही. दहा मिनिटं दोघंही फोन धरून एकमेकांकडे बघत मान डोलावत राहतात.