पुढच्या कुंडापर्यंत

वैष्णवी कुणालाही भेटली की नाव नंतर विचारायची, आधी रक्तगट. नवा पोस्टमन असो, भाजीवाली असो, नाहीतर कुणाच्या लग्नात फेटा बांधून उभा असलेला वरबाप असो, "काका, तुमचा ब्लड ग्रुप कोणता हाय?" हाच तिचा नमस्कार. आमच्या माडीवर ती आई आणि धाकट्या भावाबरोबर भाड्यानं राहायला आली, त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून दारात होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो. तिनं तांब्या घेतला, पाणी प्यायच्या आधी तोच प्रश्न टाकला. "ए पॉझिटिव्ह," मी म्हणालो. तिचा चेहरा पडला. तेवढ्यात आतून माझी बायको इंदू म्हणाली, "बी निगेटिव्ह, माझा." झालं. राजपुऱ्यातल्या त्या घरात माझी किंमत त्या दिवशी उतरली ती पुन्हा काही चढली नाही.

कारण तिचा भाऊ ओम. नऊ वर्षांचा, मोठ्या डोळ्यांचा, थॅलेसेमिया घेऊन जन्मलेला. त्याच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं. त्यात गट बी निगेटिव्ह, शोधून सापडणार नाही असा. अशा मुलांकडे रक्ताच्या बदल्यात रक्तदाता मागत नाहीत हे खरं, पण रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये त्या गटाची पिशवीच नसेल तर नियम थोडाच चढवता येतो? वडील दापोऱ्याला केळीच्या बागेत अडकलेले. आई स्वयंपाक, गोळ्या आणि दवाखान्याच्या चकरा यांत बुडालेली. रक्त शोधायचं काम या अकरावीतल्या मुलीनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

मुदत जवळ आली की ओमचे ओठ पांढुरके दिसायचे आणि तो जिना चढताना मध्येच बसायचा. पावलं थांबली की इंदू हातातली पोळी तशीच धरून वर बघायची. पावलं पुन्हा सुरू झाली की पोळी तव्यावर पडायची. आमच्या घरातल्या किती पोळ्या त्या जिन्यानं वातड केल्या असतील कोण जाणे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि ती माझ्याच वर्गात होती. एकदा मुलांना घेऊन आम्ही कुंडी भंडारा बघायला गेलो. आमच्या गावाच्या पोटातून जुन्या काळी खोदलेला पाण्याचा बोगदा जातो, त्यावर विहिरींसारखी कुंडं ओळीनं उघडतात. बाकीची मुलं फोटो काढण्यात दंग. ही कठड्याशी उभी राहून विचारते, "सर, मोटर नाही, काही नाही, मग पाणी पुढे कसं जाते?" मी उतार समजावून सांगितला. ती कठड्यावरून आत वाकली आणि म्हणाली, "म्हणजे हरेक कुंड पुढच्याला देते."

तिची कादंबरी तिथून सुरू झाली. पुढच्या काळातलं एक शहर. तिथल्या मुलांचं रक्त विझत चाललंय. तापी नावाची मुलगी आजारी भावासाठी रक्ताचं बीज आणायला जमिनीखाली उतरते. एका कुंडातून दुसऱ्या कुंडात, आणि प्रत्येक कुंडाला एक राखणदार. ओमला रक्त चढत असताना वैष्णवी त्याला एकेक कुंड सांगायची आणि घरी येऊन ते लिहून काढायची. गंमत अशी, की जो कुणी ओमसाठी रक्त देईल तो राखणदार होणार. इंदू पहिल्याच झटक्यात तांब्याच्या पंखांची राणी झाली आणि पुढं आठवडाभर माझ्याशी राणीसारखीच वागली. चौकातला मावा जिलेबीवाला रमेशभाऊ आगीची चक्रं फिरवणारा राखणदार झाला. मी मात्र चुकीच्या गटाचा आणि वर सुई बघून घाम फुटणारा. फार विनवण्या केल्यावर मला एका विसराळू कासवाचं काम मिळालं.

दुसरं काम शास्त्र तपासायचं. एका प्रकरणात तिनं खोल अंधाऱ्या कुंडात बोलणारं शेवाळ घातलं होतं आणि ते तापीला श्वासासाठी ऑक्सिजन देत होतं. मी म्हटलं, "अगं, अंधारात शेवाळ ऑक्सिजन कुठून करणार?" तिनं जीभ चावली आणि वरून उजेडाचा एक झोत सोडला. मी म्हणालो, "आणि ते बोलतंय ते?" त्यावर तिनं मला जे ऐकवलं ते तिचं ब्रीदवाक्य होतं. "सर, शेवाळ बोलते ते झूठ हाय. अंधारात ऑक्सिजन बनवते ते गलत हाय. झूठ चालते, गलत नाही चालत."

हे वाक्य रमेशभाऊलाही ऐकावं लागलं. एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा द्यायचं नाही, म्हणून कादंबरीतला राखणदारही तेवढे दिवस झोपायचा. रमेशभाऊला आपल्या माणसाचं झोपणं सहन होईना. त्या वेळी ओमचं रक्त फार उतरलं होतं आणि कुठंच पिशवी मिळत नव्हती. हा पठ्ठ्या मागची तारीख लपवून, खोटं सांगून रक्तपेढीत जाऊन झोपला. रक्त दिलं, उठला आणि दारातच कोसळला. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "माहा माणूस उठला का?" वैष्णवी त्याच्यावर भडकली. "भाऊ, तुम्हाला काही झालं असतं तर? हे गलत हाय." तिनं त्याच्या राखणदाराला असा झोपवला की बिचारा कित्येक महिने मला रस्त्यात अडवून त्याची खुशाली विचारत होता. पण त्या दिवशी ओमला मिळालेली पिशवी त्याचीच होती, हे ती विसरली नाही. दिवाळीत त्याला पहिला फराळ तिच्याकडून गेला.

बारावीच्या वर्षी तिला एक आशा लागली. भावंडाची अस्थिमज्जा जुळली तर मुलगा कायमचा बरा होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिचा गट बी पॉझिटिव्ह, ओमला तिचं रक्त कधीच चालणार नव्हतं, याची तिला मनातून लाज वाटायची. "पण मज्जेला गट नाही लागत ना सर?" हे तिनं मला इतक्या वेळा विचारलं की मी झोपेतही उत्तर दिलं असतं. इंदूरला दोघांच्या गालातले नमुने दिले. निकाल यायला वेळ होता. त्याच सुमारास एका प्रकाशनानं स्पर्धेसाठी किशोर कादंबऱ्या मागवल्या होत्या, अट एवढीच की कादंबरी पुरी हवी. तिनं धडाक्यात शेवट लिहिला. सगळी कुंडं पालथी घालून तापी परत येते आणि तिला कळतं की बीज तिच्याच हाडांत होतं. भाऊ उठून धावतो. वाचताना माझे डोळे भरले. पण निकाल येण्याआधी असं लिहू नये, असं मला वाटत होतं. तरी मी कागद तसेच तिच्या हातात दिले.

निकाल आला तेव्हा ती फोन हातात धरून खाली आली आणि आमच्या उंबऱ्यावर बसली. "अर्धंच जुळलं सर. डॉक्टर म्हणतात, एवढ्यावर धोका नको. बाहेरचा कोणी मिळते का पाहू."

मी सांत्वनाला काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "कादंबरीत तरी जुळू दे. झूठ चालतं ना?"

"हे झूठ नाही," ती म्हणाली. "ओमला माहीत हाय तापी कोण ते. हे गलत हाय."

त्या क्षणी मला मी शिकवतो त्या शास्त्राचा मनापासून राग आला. पुढच्या खेपेला आम्ही सगळे दवाखान्यात होतो. पिशवी टांगली गेली, थेंब सुरू झाले, पण वैष्णवी गोष्ट सुरूच करेना. शेवटी ओमनंच विचारलं, "मग? बीज भेटलं का?"

"भेटलं," ती म्हणाली. "पण त्याला लागू नाही पडलं."

ओम पिशवीकडे बघत राहिला. त्याची आई तोंड फिरवून खिडकीशी गेली.

"पुढे कुंड हाय का अजून?"

"हाय."

"मग जाऊ दे ना तिले पुढे. रडते काहून?"

त्या दिवशी तिनं शेवटचं प्रकरण काढून टाकलं. कादंबरी स्पर्धेला गेली नाही.

बारावीनंतर ती इंदूरला लॅब टेक्निशियनचं शिकायला निघाली. अठरा वर्षं पूर्ण झाली होती, म्हणून जायच्या आदल्या दिवशी जाऊन रक्त देऊन आली. "ओमला नाही तर नाही, कोणाचा तरी ओम असंल," एवढंच म्हणाली. मग आम्हा सगळ्या राखणदारांना तिनं आमच्या पुढच्या खोलीत बसवलं. यापुढं ज्यानं त्यानं आपापलं कुंड ओमला सांगायचं. रमेशभाऊच्या माणसाला त्या दिवशी जाग आली आणि रमेशभाऊ लहान पोरासारखा हसला. नियम एकच होता, तो तिनं दोनदा सांगितला. "कोणी त्याला गोष्टीत बरं करायचं नाही. तो खरोखर होईल तेव्हाच."

अजून बाहेरचा कुणी जुळलेला नाही. ती दर खेपेला फोन करते, आधी हिमोग्लोबिन विचारते आणि मग आम्ही कसे आहोत ते.

परवा माझी पाळी होती. पिशवी यायला दुपार झाली होती. ओम उशीवर पांढराफटक पडला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी कासवाची गोष्ट सुरू केली. भीतीनं माझी जीभ सुटली म्हणा, पण बोलता बोलता मी कासवाला चिखलात बीज मिळवून दिलं. आणि हे बीज, मी म्हणालो, बरोबर जुळणारं होतं.

ओमनं डोळे उघडले. "सर, गलत."

मी बीज परत चिखलात टाकलं. मग कासवाला रिकाम्या हातानं चिखलातून वर काढलं आणि म्हणालो, "कासव पुढच्या कुंडाकडे निघालं."

नळी दुमडू नये म्हणून त्यानं हात जरा सरळ केला आणि डोळे मिटले. "हळू जाऊ द्या त्याले," तो म्हणाला. "मी थांबतो."