पोटाशी बांधलेली मटकी

मला पत्रक लिहिता येतं. दुसरं फारसं काही येत नाही. पुण्यात कॉलेजला असताना टेकडी वाचवायच्या भानगडीत शिकले ते शिकलेच: पहिलं वाक्य थोबाडीत मारल्यासारखं, दुसऱ्यात गुन्हेगार कोण ते, तिसऱ्यात मागणी. संपलं पत्रक. पुढे सिडनीला शिकायला आले, युनिव्हर्सिटी झाली, पीआर म्हणजे इथे कायम राहायची मुभा मिळाली, पॅरामॅटात नोकरी लागली, पण संतापायची सवय काही सुटली नाही. इथे आमचा एक गट आहे. रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, लायब्ररीच्या एका खोलीत आठ जण जमतो, बिस्किटं खातो आणि ज्या जागा आमच्यापैकी कुणीच पाहिलेल्या नाहीत त्यांच्या बाजूने भांडतो. आर्क्टिकच्या बर्फावरचं माझं पत्रक मी स्कोफिल्ड्सच्या भाड्याच्या खोलीत, चाळीसच्या वर पारा असताना, पाय बादलीत सोडून लिहिलं होतं. चांगलं झालं होतं ते. वाचणाऱ्याला हुडहुडी भरायची.

आर्क्टिकला जायची ऐपत नव्हती. पण टास्मानियाचा नैऋत्य कोपरा आमच्या आवाक्यातला होता. तिथे रस्ता जात नाही. छोट्या विमानाने जायचं, नाहीतर बोटीने वळसा घालून, नाहीतर कित्येक दिवस चालत. त्याच्या खाली नुसता समुद्र आणि मग अंटार्क्टिका. एक साठीची बाई दर उन्हाळ्यात आपल्या बोटीतून तिथे चार-सहा प्रवासी न्यायची, किनाऱ्याला उतरवायची आणि चालवून परत आणायची. माणसं उतरवायला तिला सरकारी परवाना लागायचा आणि त्याचं नूतनीकरण त्या वर्षी होतं. आम्ही हरकत घेतली. बाहेरच्या बुटांबरोबर चिखल येतो, चिखलाबरोबर रोग आणि तण येतं, आणि तिथली झुडपं मुळापासून कुजतात. हे खरंच आहे. हरकतीचा मसुदा माझा होता. शेवटची ओळ: एक चूक, परवाना रद्द.

मग बैठकीत कुणीतरी विचारलं की त्या बाईने चूक केलीय याचा पुरावा काय. प्रश्न इतका साधा होता की मला राग आला. मी म्हणाले, मी प्रवासी म्हणून जाते आणि पुरावा आणते.

म्हणजे हेरगिरी. आईला मी ट्रेक सांगितलं. आईने पुण्याहून परस्पर माझ्या आतेभावाला फोन केला. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पॅरामॅटातच आयटीत आहे, तोही स्कोफिल्ड्सला राहतो, आणि त्याला दादा म्हटलेलं आवडतं म्हणून मी म्हणते. त्याने रजा काढली आणि मला विचारलं, "बये, तिकडे चहा मिळतो का?"

आता जेवणाचं. ट्रेकला लोक वाळवलेल्या अन्नाची चकचकीत पाकिटं नेतात. गरम पाणी ओतलं की पाच मिनिटांत लॅम्ब करी. दादाने दोघांपुरती आणली होती. मी ती पाकिटं टास्मानियाच्या राजधानीत, होबार्टच्या हॉटेलात, पलंगावर ओतली आणि प्रत्येक पाकिटावर किती थरांचं प्लास्टिक आहे यावर त्याला वीस मिनिटं ऐकवलं. मग तिथल्या इंडियन दुकानातून कागदी पिशवीत अर्धा किलो मटकी आणली. भिजवायची, ओल्या फडक्यात बांधायची, चालता चालता मोड येतील. कचरा शून्य, प्रोटीन भरपूर. मी इतकी खूश होते की यावरही एक पत्रक होईल असं मनात येऊन गेलं.

"आणि माझी पाकिटं?" दादाने विचारलं.

"तू खा. तुझी सदसद्विवेकबुद्धी तुला काय सांगायचं ते सांगेल."

"ती म्हणते दोन जास्तीची घे."

धक्क्यावर त्या बाईने, म्हणजे आमच्या स्किपरने, आमचं सगळं सामान उलगडायला लावलं. त्या खेपेला प्रवासी आम्ही दोघंच. तिने बुटांचे तळवे ब्रशने घासले, औषध फवारलं, तंबूचे खुंटे पुसले. जॅकेटच्या चिकटपट्टीत अडकलेली गवताची कुसळं चिमट्याने काढली. मी वहीत लिहून घेत होते: 'दिखाव्यासाठी?' मग तिने फॉर्म पुढे केला. माती, रोपं, बिया, यातलं काही जवळ आहे का. मी ठसक्यात नाही लिहिलं आणि सही केली. खोटं बोलावं असं मनात अजिबात नव्हतं. बिया म्हणजे पाकिटावर फुलाचं चित्र असतं त्या. मटकी म्हणजे आईच्या हातची उसळ, वर शेव. तिचा बियांशी काही संबंध असतो हे भिजवलेली मटकी पिशवीत असतानाही माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मी बॉटनीत पहिली आले होते.

निघालो पहाटे. नऊपर्यंत माझं पोट रिकामं झालं आणि त्यानंतरही प्रयत्न चालूच राहिले. दादा पाठ चोळत म्हणाला, "कॉम्रेड, समुद्र वाचवायचाय ना आपल्याला? मग सारखं त्यात काय टाकतेस?" स्किपरने मला आल्याचा तुकडा चघळायला दिला आणि बादली धुतली. लाटा आमच्या डोक्यावरून यायच्या, आणि ती एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने सँडविच खायची.

संध्याकाळी खाडीत शिरलो आणि सगळं एकदम थांबलं. पाणी काळसर तांबूस, साखर न घातलेल्या कोऱ्या चहासारखं. पांढऱ्या दगडाचे डोंगर. एकही दिवा नाही. मला काहीतरी जोरदार सुचायला हवं होतं. मला फक्त थंडी वाजली.

पुढचे दोन दिवस मी पुरावा शोधला. त्या बाईने तेलाचा थेंब सांडला नाही. वापरलेली चहापत्तीसुद्धा डब्यात भरून परत नेली. माझ्या वहीत एकच नोंद झाली: 'स्किपर समुद्रात थुंकली.' ती मी नंतर खोडली. समुद्रात काय टाकायचं यावर बोलायची माझी लायकी पहिल्याच दिवशी संपली होती.

इकडे थंडीने मटकीला मोड येईनात. मग मी फडक्याची पुरचुंडी ओढणीने पोटाशी बांधली, वर थर्मल, वर जॅकेट. कोंबडीने अंडी उबवावी तशी मी ती मटकी दोन दिवस उबवली. ओलं फडकं पोटाला लागून सर्दी झाली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. दादाने एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मराठीत विचारलं, "कितवा?" स्किपरने त्या उंचवट्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर वळवली. तेव्हापासून मात्र चढावर ती माझं सामान घ्यायला लागली. मला वाटलं, वयाच्या मानाने बाई ताकदवान आहे.

चौथ्या दिवशी आम्ही माळ ओलांडत होतो. माळ म्हणजे गवताचे कमरेएवढे झुबके आणि मधे काळा चिखल, कुठे घोट्याएवढा, कुठे मांडीपर्यंत. स्किपर म्हणाली होती, चिखलातून सरळ जा, कडेने जाऊ नका, कडेने गेलं की पायवाट रुंद होते आणि झुडपं मरतात. हे मी माझ्या पत्रकात लिहिलेलं होतं. मी कडेने गेले. झुबक्यावर पाय ठेवला, झुबका कलला आणि मी सपशेल पोटावर पडले.

उठले तेव्हा जॅकेटची चेन उघडी होती, ओढणी गुडघ्यात आली होती आणि चिखलभर मटकी पसरली होती. मोड सुरेख आले होते. अर्ध्या इंचाचे, पांढरेशुभ्र. त्या अवस्थेतही ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

स्किपर आधी माझ्या पोटाकडे धावली. मग चिखलाकडे पाहून थांबली.

"हे काय आहे?"

"जेवण," मी म्हणाले.

"उगवलंय ते."

"तसंच खातात."

"लव्ह, मला वाटलं तुला बाळ होणार आहे," ती म्हणाली. "दोन दिवस मी तुझी सॅक वाहतेय."

मग आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो आणि वेचायला लागलो. आडवा पाऊस येत होता. चिखलात मटकी दिसत नाही, ती बोटांना लागते. अर्ध्या तासाने दादाने सॅकमधून चहाची गाळणी काढली. ती आणल्याबद्दल होबार्टला मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. मग पद्धत बसली: स्किपर ओंजळीने चिखल काढायची, मी पाणी ओतायचे, दादा गाळायचा. गाळणीत उरलेलं डब्यात, गाळलेला चिखल होता त्याच जागी परत. दुपार सगळी त्यात गेली. मधेच दादा एकदा म्हणाला की मटकी राजस्थानातली, कोरड्या उन्हातली, इथल्या चिखलात आठवडाही जगणार नाही.

"नसेल जगणार," स्किपर म्हणाली. "मी ते ठरवत नाही. मी कळवते."

मी पाणी ओतायची थांबले. "कुणाला कळवता?"

"रेंजरला. बोटीवर सॅटेलाइट फोन आहे."

आणि मग मी जे केलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी गयावया केली. सगळी वेचली, कुणी पाहिलं नाही, काही उगवणार नाही, कशाला उगीच. ज्या ज्या सबबींवर मी आजवर पत्रकं झाडली त्या सगळ्या मी दहा मिनिटांत एकटीने देऊन टाकल्या. शेवटी म्हणाले, "तुमचा परवाना जाईल."

"हो. एक चूक, परवाना रद्द," ती म्हणाली. "तूच लिहिलंयस ना?"

दादाने गाळणी खाली ठेवली.

"तुझं नाव केवढं लांब आहे," ती म्हणाली. "हरकतीखाली वाचलं. महिन्याने बुकिंगमध्ये परत आलं. असं नाव विसरत नाही माणूस."

"मग आणलंत कशाला मला?"

"तू लिहिलं होतंस की मी लोकांना घनदाट जंगलात उतरवते." तिने हात फिरवून तो माळ दाखवला. क्षितिजापर्यंत एक झाड नव्हतं. "म्हटलं, येऊन बघू दे एकदा."

बोटीवर परतल्यावर फोन तिने लावला आणि माझ्या हातात दिला. रेंजरने नाव विचारलं. मग मटकीचं स्पेलिंग विचारलं. प्रमाण विचारलं, तर माझ्या तोंडून दोन वाट्या निघालं, मग वाटी म्हणजे काय ते समजावण्यात वेळ गेला. फॉर्मवर काय लिहिलं होतं असं त्याने विचारल्यावर मी सांगितलं, नाही लिहिलं होतं. तो म्हणाला, नो वरीज, नोंद करतो, फाइलला लागेल. परवान्याच्या फाइलला. हे फोनवर सांगताना माणसाचा आवाज किती साधा असू शकतो.

पुढच्या रविवारी मी गटाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं माझी हजामत होईल. झालं उलटंच. आमच्यातला एक निवृत्त शिक्षक टेबलावर हात आपटून म्हणाला, "ब्रिलियंट. त्या बोटीवर नियमभंग झाला. लेखी नोंद आहे. हेच हवं होतं आपल्याला."

"नियमभंग मी केला," मी म्हणाले.

"तुझं नाव घालायची गरज नाही, मेट."

वाक्य ओळखीचं होतं. महिनाभर आधी मीच ते म्हणाले असते, आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात. मी हरकत मागे घ्या म्हणाले. मत घेतलं. सात विरुद्ध एक. मग पुरवणी पत्रक कोण लिहिणार यावर सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून बाहेर पडले. बिस्किटं त्या दिवशी मी नेलेली होती, ती तिथेच राहिली.

घरी येऊन मी परवाना देणाऱ्या सरकारी खात्याला पत्र लिहिलं. चार दिवस लागले. कारण त्यात गुन्हेगार मी होते, आणि मागणी करायला हात उचलत नव्हता. काय घडलं, कोणत्या क्रमाने, फॉर्मवर कुणी काय लिहिलं, स्किपरने काय केलं, एवढंच लिहिलं. दादाने वाचून सांगितलं, "पहिल्यांदाच तुझं काहीतरी मला शेवटपर्यंत वाचता आलं." खाली त्यानेही सही केली.

दोन महिन्यांनी निकाल लागला. परवाना मिळाला, पण नेहमीसारखा पाच वर्षांचा नाही, एकाच वर्षाचा. म्हणजे माझ्यामुळे त्या बाईला आता दर वर्षी जीव मुठीत धरून थांबायचं आहे. शिवाय अट: प्रत्येक प्रवाशाचं खाणं धक्क्यावर उघडून तपासायचं, आणि का तपासतो ते त्याला समजावून सांगायचं.

या उन्हाळ्यात दादा वहिनीला घेऊन परत गेला. मला त्याने विचारलं नाही, मीही निघाले नाही. आल्यावर म्हणाला, माळ तपासून झाला, काही उगवलेलं नाही. मग म्हणाला, स्किपर धक्क्यावर सगळ्यांचे डबे उघडायच्या आधी माझी गोष्ट सांगते. नाव घेत नाही.

"कशी सांगते?"

"चांगली सांगते. पोटाशी सॅक धरून चालून दाखवते. स्किपरला तुझ्या वहिनीसमोर पडूनही दाखवायचं होतं, पण तिचे गुडघे दुखत होते, म्हणून तेवढं मला करायला लावलं."