टॉवेल आणि वटवाघूळ

मुलीनं नवी गाडी मागे घ्यायला घेतली की तिचा सेन्सर आधी टिक... टिक... करतो आणि भिंत जवळ आली की टिकटिकटिक! माझं काळीज त्याच्याही पुढे धावतं आणि थेट जबलपूरच्या आमच्या जुन्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये पोचतं. तेव्हा हीच पोरगी पाळण्यात होती.

दिवेलागणीला खिडकीतून वटवाघूळ आत शिरलं. बायकोनं आधी पंखा बंद केला. मी मोठ्या शौर्यानं टॉवेल उचलून गरागरा फिरवला. जितका फिरवावा, तितकं ते खाली येऊन टॉवेलवरच झेपावे, पाळण्यापासून हातभर अंतरावर!

"जावईबापू, काहून फिरवून राहिले ते?" सासूबाई ओरडल्या. "चूपचाप उभे राहा!"

मी खांबासारखा थांबलो. पाळण्यावर एक पतंग फडफडत होता. वटवाघळानं वळून त्याला हवेतच टिपलं आणि ते आल्या वाटेनं निघून गेलं. पोरगी झोपलेलीच.

आपल्याला ऐकू न येणाऱ्या हाका मारून, त्यांच्या प्रतिध्वनीतून ते हलणारी वस्तू हेरतं आणि ती जवळ आली की हाका भराभर मारतं, हे मला फार उशिरा कळलं. माझा टॉवेल म्हणजे त्याला जेवणाचं आमंत्रणच होतं.

आज गाडीमागे उभा राहून मी काळजीनं दोन्ही हात हलवत होतो. टिकटिकटिक!

"बाबा, हात काहून हलवून राहिले? सेन्सर पागल झाला ना!" मुलगी ओरडली. "चूपचाप उभे राहा!"

आवाज हुबेहूब तिच्या आजीचा. मी मुकाट्यानं हात खाली घेतले.